तीन इंच आणि शनिवारचं ऊन

ती. आर्डिसताईस ऑर्विलचा साष्टांग (गुडघ्यामुळे उभ्यानेच) नमस्कार.

तुझी कंबर आणि व्हर्नदाजींचा रक्तदाब ताळ्यावर असावेत. ॲरिझोनात तुम्हाला बारमाही ऊन, तेव्हा पुढचं तुला पटायचं नाही. इथे मिनेसोटात एप्रिल संपेपर्यंत बर्फ हलला नाही. शाळेच्या मुली मार्चपासून वर्गांपुढच्या बोळातच पळत होत्या (शेवटी भिंतीला टेकवलेल्या गादीवर आदळायचं, की सराव संपला). मैदान आम्ही म्हाताऱ्यांनी फावड्यांनी मोकळं केलं. आणि शनिवारी, बाहेरच्या पहिल्या स्पर्धेला, ऊन पडलं. ताई, मला चक्क रडू आलं. वारा बोचरा होता, पण अख्खं गाव अर्ध्या चड्डीत. पास्टर लुंडसुद्धा. त्यांच्या पिंढऱ्यांचा रंग बघून मी नम्रपणे मान खाली घातली.

आता मुख्य बातमी, खुर्चीत बसून वाच. माझ्या नातीने, ब्रिटाने, शंभर मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतला तुझा शाळेचा विक्रम मोडला. पंचेचाळीस वर्षं विक्रमांच्या फळ्यावर तुझं नाव होतं. तिचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. चार हंगाम ती त्या नावाकडे बघत झिजली आहे. तुला वाईट वाटेल, पण पोरीचा चेहरा पाहिला असतास तर तूच टाळ्या वाजवल्या असत्यास. नवल म्हणजे आठही मुलींनी आपापली सर्वोत्तम वेळ दिली. दर शर्यतीत तीन अडथळे लोळवणारी नोरासुद्धा एकाला न शिवता आली. कोच हाउगेन म्हणाले, "ऊन आहे हो, दुसरं काय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी, रंगारी फळ्यावर नाव बदलणार आहे. त्याआधी तू ब्रिटाला फोन करून दोन गोड शब्द बोल, एवढ्यासाठीच हे पत्र.

तुझा धाकटा भाऊ,
ऑर्विल

ता. क. फोन करू नकोस. अडथळे लावणाऱ्या मंडळींचा मुख्य मीच, हे तुला ठाऊक आहे. आदल्या दिवशी सातवीच्या मुलींसाठी ते तीन इंच खाली केले होते. शनिवारी ते पुन्हा वर ओढायचे मी विसरलो. उन्हाकडे तोंड करून कॉफी पीत बसलो होतो. आवरताना मोजपट्टी लावली तेव्हा कळलं. तीन दिवस मला जेवण गेलेलं नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी ब्रिटाला आणि कोचना सांगून आलो. विक्रम रद्द, तुझं नाव कायम. ब्रिटा रडली नाही, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "आजोबा, आर्डिसआजी धावली तेव्हा अडथळे कोणी लावले होते?"

मी लावले होते, ताई. मे महिना होता आणि ऊन छान पडलं होतं. पट्टी लावल्याचं मला काही केल्या आठवत नाही.

तुला आठवत असेल तर उलट टपाली कळव. नसेल तर पुढच्या आठवड्यात, गुरुवारच्या स्पर्धेला ये. ब्रिटाने निरोप दिलाय, "आजीला म्हणावं, बूट घेऊनच या. दोघींचे अडथळे मी स्वतः मोजणार, आणि आजोबांना गेटच्या बाहेर उभं करणार."