मागचा लाल दिवा

अण्णा, काल लातूरला जाऊन चाचांना भेटले. तुमचा ट्रॅक्टर चालवायचे ते चाचा. आता मुलाच्या घरी असतात, दारात खुर्ची टाकून बसतात. नांदेडला परत येईपर्यंत गाडीत मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. घरी आल्यावर लिहायलाच बसले.

रेणापूरच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही भाकरी खाताय आणि चाचा उंबऱ्याबाहेर उभे आहेत, ती सकाळ मला अजून दिसते. "मालक, ट्रॉलीला मागं लाल दिवा बसवू. न्हाईतर रेडियमच्या पट्ट्या तरी लावू. ऊस लई बाहेर येतो, अंधारात मागच्याला काईच दिसत न्हाई." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ऊस काय दिव्यानं जातो का कारखान्याला? हंगाम सरू दे, मग बघू." आईनं चाचांना चहा दिला. तो पिऊन ते गेले.

हंगाम सरायच्या आतच, एका दिवेलागणीला, भरलेल्या ट्रॉलीचं चाक रस्त्यात निखळलं. चाचांनी मागं दगड मांडले, बाभळीची फांदी टाकली आणि खांद्यावरची दस्ती हलवत स्वतः उभे राहिले. समोरून आलेल्या ट्रकनं डिपर दिला नाही. त्या झगझगाटात मागून येणारा मोटारसायकलवाला थेट उसात घुसला. शेजारच्या गावचा होता, नुकतंच लग्न झालेला. जागेवरच गेला.

पोलिसांना तुम्ही सांगितलंत, "दिवा बघायचं काम ड्रायव्हरचं. मी काय ट्रॉलीच्या मागं पळतो का?" कायदा मी पुढं वाचला, अण्णा. बंद पडलेली गाडी मागच्याला दिसेल असं करणं ड्रायव्हरकडे असतं, खरंय. पण बिनदिव्याची गाडी रस्त्यावर काढायला लावणारा मालकही सुटत नाही. तुम्ही सुटलात. त्या दिवशी जेवताना मी विचारलं, "चाचांनी दिवा मागितला होता ना?" तुम्ही ताट सरकवलंत. "पोरीच्या जातीनं यात पडायचं न्हाई." आई भाकरी थापत राहिली. चाचांना शिक्षा झाली, लायसन गेलं. सुटून आले तेव्हा तुमच्या ट्रॅक्टरवर दुसराच माणूस होता.

मग माझ्या कॉलेजसाठी तुम्ही स्कूटी आणलीत. अंगणात मला ब्रेक दाबायला लावून मागं जाऊन उभे राहिलात. "दाब. परत दाब. हां, लागला दिवा." खिशातून लाल रेडियम काढून स्वतःच्या हातानं चिकटवलंत, अंगठ्यानं एकेक कड दाबत. मैत्रिणींना तुमचं केवढं कौतुक वाटलं. मला त्या दिवशी कळलं, तुम्हाला सगळं माहीत होतं. माहीत नसतं तर कदाचित मी माफ केलं असतं.

काल चाचांनी विचारलं, "मालक शेवटी काई बोलले का बाई, माझ्याबद्दल?" अंथरुणावर पडल्या पडल्या तुम्ही उसाचा भाव विचारलात, बोअरच्या पाण्याचं विचारलंत. चाचांचं नाव एकदाही काढलं नाहीत. मी म्हणाले, "हो चाचा, लई आठवण काढायचे." त्यांनी डोळे पुसले. "दिलानं वाईट नव्हता माणूस," म्हणाले.

हे वाचायला तुम्ही नाही, आणि आईला दाखवायची माझी छाती नाही. कपाटात साड्यांखाली राहील. चाचांना बरं वाटावं म्हणून खोटं बोलले, असं वाटेत स्वतःला सांगत आले. पण ते बोलत असताना, अण्णा, ते खरं असावं असं मलाच फार वाटत होतं.