दम्याच्या रुग्णाचं ‘थांब’

सोमवार, ४ मार्च
मॉडेल चाललं! रुग्णालयाचा अख्खा तातडीचा विभाग माझ्या संगणकात. त्यातलं घड्याळ सरकत नाही, एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उड्या मारतं — रुग्ण आला, सिस्टर मोकळी झाली, रुग्ण आत गेला. हुकूम एकच: ‘थांब’. पण प्रत्येक प्रकारचा रुग्ण तो आपापल्या परीने पाळतो. तापाचा बसून राहतो, हृदयाचा खालावत जातो. यालाच पॉलिमॉर्फिझम म्हणतात, असं आईला सांगितलं. म्हणाली, "मग एवढं नाव कशाला? माणसं असतातच तशी!"

मंगळवार, १२ मार्च
निकाल: दुपारच्या पाळीला तीनऐवजी दोन सिस्टर पुरतात. आमच्या कंपनीचे साहेब खूश. तिथल्या थोरल्या सिस्टरनी मात्र मला जिन्यात गाठलं. "अहो ताई, तुमच्या डब्यातली माणसं फारच शहाण्यासारखी बसतात हो!" हसण्यावारी नेलं.

१ एप्रिल
एक सिस्टर कमी केली.

शुक्रवार, १९ एप्रिल
काल दुपारी तिथल्या बाकावर एक बाई गेली. दम्याची. चाळीस मिनिटं ताटकळली होती. थोरल्या सिस्टरना निलंबित केलंय — म्हणे हयगय!

कोड उघडला. दम्याच्या रुग्णाचं ‘थांब’ मी लिहिलंच नव्हतं. वेगळं लिहिलं नाही की मूळ, सर्वसाधारण रुग्णाचं लागू होतं. आणि माझा मूळ रुग्ण नुसता बसून राहतो. धाप नाही, तक्रार नाही. कितीही वेळ.

शनिवार
पाच ओळी घातल्या. पुन्हा पुन्हा चालवलं. दोन सिस्टर असल्या की कुणीतरी मरतंच. तीन असल्या की जवळजवळ कधीच नाही. जेवण गेलं नाही.

सोमवार, २२ एप्रिल
साहेबांना दाखवलं. त्यांनी आधी दार लावलं. "पाच ओळींपायी सगळ्यांच्या पोटावर पाय देणार आहेस का? पुसून टाक ते."
"आणि सिस्टर?"
"त्यांचं वय झालंच आहे."
पुसलं नाही. पण उलटून बोललेही नाही. भित्री मेली!

बुधवार
थोरल्या सिस्टरच्या घरी गेले. सगळं सांगितलं. वाटलं, हाकलून देतील. त्या नुसत्या पदराशी चाळा करत बसल्या. "दोनदा तिच्यासमोरून गेले मी. म्हटलं, आलेच हं..." मग एकदम माझ्याकडे बघून — "उद्या चौकशीत बोलाल हे?"

गुरुवार, २५ एप्रिल
बोलले. चौकशीच्या बाईंनी साहेबांना विचारलं, "हे मॉडेल आणखी कुठे दिलंय?"
"अकरा ठिकाणी."
मला पत्ताच नव्हता! यादी समोर आहे; एकेका रुग्णालयाला फोन लावतेय. पहिल्या ठिकाणी फोन उचलत नाहीयेत.