साहेबांचा पूर्वज

बिलासपूर, हिमाचल
डिसेंबर १९८१

ती. आयेच्या पायांवर डोकं ठेवून सहदेवाचा नमस्कार.

मी बरा आहे. थंडी फार, पण तुझी गोधडी पुरते. आपल्या चौक गावात भात झोडून झालं का? तुझा खोकला गेला का गं?

मला इथल्या ओढ्यात सापडलेला तो दगड झालेला जबडा आमच्या साहेबांनी माणसाचा पूर्वज म्हणून स्वतःच्या नावावर छापला, तेव्हा तू म्हणालीस, "सोड रं, पोटाला मिळतंय ना?" मी नाय सोडलं, आये. दर हिवाळ्यात त्याच ओढ्यात उकरत बसलो.

परवा तिथेच त्याच प्राण्याची आख्खी कवटी मिळाली. शेंबडं पोरही सांगेल, हे वानर आहे. माणसाचा पूर्वज वगैरे काही नाही.

पुढच्या महिन्यात दिल्लीला शास्त्रज्ञांच्या सभेत साहेब पहिल्या रांगेत बसतील. तेव्हाच कवटीची पेटी उघडणार. नोकरी गेली तर येईन भात लावायला, तू घोर करू नकोस. हे शेजारच्या बायजाकडूनच वाचून घे, मास्तरांकडून नको, ते गावभर करतील.

इथले सोबती म्हणतात, आता तरी जबड्यावर तुझं नाव लावून घे. मी म्हटलं, छे! वानर साहेबांच्याच नावावर राहू दे.

तुझा,
सहदेव