तिसरा ऑसिलेटर

नांदेड
मंगळवार, दुपार

प्रिय बुद्धप्रिया,

सप्रेम जय भीम. फोन असताना बाबा पत्र का लिहून राहिले, असं म्हणत पाकीट बघूनच तुझ्या काळजात धस्स झालं असेल. आम्ही दोघं हयात आहोत, आधी श्वास सोड. फोन तुझी आई स्पीकरवर ठेवते आणि माझ्या प्रत्येक वाक्यात मीठ टाकते, म्हणून पत्र. ती आत्ता शेजारच्या नागुबाईकडं पापड लाटायला गेलीय. चारपर्यंत यायची नाही. तेवढ्यात लिहून पोस्टात टाकतो.

आधी कामाचं सांगतो, कारण भीती तिथूनच सुरू झाली. लातूरच्या कॉलेजातल्या मन्मथ सरांनी त्यांच्या अडगळीतली फेज नॉइज मोजायची जुनी यंत्रणा माझ्याकडं दुरुस्तीला पाठवली. चाळीस वर्षांपूर्वीची, तीन जड पेट्या एकावर एक. टेम्पोतून उतरवताना तुझी आई म्हणाली, आता आम्ही झोपायचं कुठं, हिच्या डोक्यावर? कंधारला मी रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हा तू विचारायचीस, घड्याळ बरोबर चालतं म्हणजे काय. तेव्हा मला सांगता आलं नव्हतं, आता येतं. ढोलकीवाला गाणं वेळेवर संपवतो, पण त्याची एकेक थाप केसभर आधी नाहीतर केसभर उशिरा पडते. ऑसिलेटर म्हणजे विजेवर ठोके देणारा ढोलकीवालाच, तो सेकंदाला कोटभर ठोके देतो आणि ठोक्याठोक्याला तसाच किंचित थरथरतो. ती थरथर म्हणजे फेज नॉइज, तीच ही यंत्रणा मोजते. माझ्यासारख्या दहावी नापास माणसानं डिक्शनरी मांडीवर घेऊन तीन महिने इंग्रजी मॅन्युअल वाचलं, तेव्हा कुठं एवढं डोक्यात शिरलं.

मोजायच्या आधी यंत्रणेलाच तपासावं लागतं, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्या वेळी सिग्नलच्या वाटेत बोटाएवढा एक पितळी तुकडा लावायचा. तो सिग्नल चाळीस डेसिबलनं बारीक करतो, नाहीतर पुढची पेटी बधिर होते. कॅलिब्रेशन झालं की तुकडा काढायचा आणि मगच खरं मोजमाप करायचं. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. काढलेला तुकडा समोरच्या स्टीलच्या वाटीत, मग वहीत बरोबरची खूण. आधी वाटी, मग खूण. कंधारच्या दुकानात प्रत्येक स्क्रू असाच वाटीत जायचा.

गेल्या सोमवारी थरथरीचा आकडा इतका बारीक, इतका सुंदर आला की मी उठून उभाच राहिलो. लगेच मन्मथ सरांना फोन लावला. ते म्हणाले, रामकिशनकाका, एवढा शांत ऑसिलेटर अजून जन्माला यायचाय, एकदा परत बघा. बघितलं तर तुकडा वाटेतच बसलेला, त्यानं थरथरही बारीक करून दाखवलेली. वहीत मात्र खूण होती, माझ्याच हातची, वेळेसकट.

माणूस चुकतो, म्हणून सोडून दिलं असतं. पण तुझी आई म्हणाली, सकाळी तो तुकडा तिनं वाटीत पाहिला, पुसला, आणि मला विचारलं, हे भंगार फेकू का. तर मी म्हणे तिच्यावर खेकसलो, हात लावू नको म्हणून. मला यातलं अक्षर आठवत नाही. म्हणजे मी काढून परत लावला आणि विसरलो? की तिनं कुठल्या दुसऱ्याच दिवशीचं सोमवारचं म्हणून सांगितलं?

माय, हे पहिलंच असतं तर मी हसलो असतो. गेल्या महिन्यात दूध जळून पातेलं कोळशासारखं झालं. ती म्हणते गॅस मी लावला, मी म्हणतो तिनं. तेही राहू दे. तिची शुगरची गोळी रोज सकाळी मीच तिच्या तळहातावर ठेवतो. परवा ती घामानं चिंब होऊन भिंतीला टेकलेली सापडली, डोळे उघडे पण ओळख नाही. जिभेवर गूळ चोळला, तेव्हा कुठं भानावर आली. गोळ्या मोजल्या तर एक जास्तीची गेली होती. मी दोनदा दिली, की माझ्या हातची घेतलेली विसरून तिनं पुन्हा घेतली? दोघांनीही शपथा घेतल्या. दोघांच्याही खऱ्या वाटल्या.

ही यंत्रणा एका ऑसिलेटरला दुसऱ्याशी ताडून बघते. येतो तो आकडा दोघांच्या थरथरीचा मिळून. कोणाची किती, ते कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे दोघांना एकाच तारेवरून वीज दिली तर ते एकमेकांना ओढून घेतात, सोबत डुलतात आणि यंत्रणेला दोघंही ठणठणीत दिसतात. आमची बेचाळीस वर्षं एका छपराखाली गेली. ती काही म्हणाली की मी हाव म्हणतो, मी म्हणालो की ती. किती दिवस झाले आम्ही असं सोबत डुलून राहिलो, कोण जाणे. यावर उपाय एकच, वेगळ्या तारेवरचा तिसरा ऑसिलेटर आणायचा. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी ताडायचा. मग ज्याची थरथर त्याच्या पदरात पडते. यंत्रणेसाठी तिसरा मन्मथ सर पाठवणार आहेत.

घरासाठी तू ये. हैदराबादेहून दहा दिवसांची रजा काढ आणि यंत्रणा बघायला आले म्हण. आल्या आल्या गोळ्या तुझ्या ताब्यात घे. दिवसभरात कोण काय बोललं, कोणी काय केलं, ते गुपचूप लिहून ठेव आणि संध्याकाळी आम्हाला वेगवेगळं विचार. मला माझी भीती वाटते, पण तिची त्याहून जास्त वाटते. माझं निघालं तर सरळ तोंडावर सांग. तिचं निघालं तर ते फक्त मला सांग, आणि तिला सांग की बाबांचं निघालं. म्हणजे माझ्यावर नजर ठेवायची म्हणून ती दिवसभर माझ्याच नजरेसमोर बसेल. हयातीत मी कुठल्याच वहीत खोटा आकडा लिहिला नाही. हा एक आपण दोघं मिळून लिहू.

तुझाच,
बाबा

ता. क. असंच पत्र माझ्याकडून तुला आधी एकदा आलं असेल, तर ते मला कळवत बसू नकोस. मिळेल त्या गाडीनं निघ.