पान्याचा हात

३ जून

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल पोचलं. बघतेय, बघतेय म्हणत शेवटी ट्रक घेतलासच. आधी उडी मारायची आणि मग विहीर किती खोल ते विचारायचं, ही तुझी लहानपणापासूनची तऱ्हा. पण आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू? सहा वर्षं दुसऱ्याच्या गाड्या हाकल्यास, आता काचेवरची धूळसुद्धा स्वतःची.

ऑईल बदलायचं म्हटल्यावर गॅरेजवाले हसले, असं लिहिलंयस. हसू देत. त्यांचे दात दिसतात, आपलं काही जात नाही. मीच येऊन करून दिलं असतं, पण पाठीत उसण भरली आहे, बसचे धक्के सोसायचे नाहीत. तेव्हा नीट वाच आणि तूच कर.

इंजिन दहा मिनिटं चालव, ऑईल कोमट झालं की बंद कर. हँडब्रेक ओढ आणि चाकांना पुढून-मागून दगड लाव. नुसत्या हँडब्रेकवर विसंबलीस तर माझ्याशी गाठ आहे. मग ड्रायव्हरच्या बाजूने, पाठीवर सरकत आत जा. वर, डोळ्यांसमोर दोन नट दिसतील, एक इंजिनचा, एक गिअरबॉक्सचा, दिसायला सख्खे भाऊ. गोंधळू नकोस. पान्याच्या हाताला येईल तो इंजिनचा. खाली घमेलं ठेव आणि सगळं निथळू दे, घाई करू नकोस. नवं भरल्यावर ऑईल मोजायची गेजची पट्टी दोनदा बघायची, त्याआधी चावीला हात लावायचा नाही. फिल्टरचं मी आल्यावर बघू.

तुझा दादा बँकेत निघालाय, पत्र त्याच्याकडे देतो. झालं की लगेच कळव, तोवर मला अन्न गोड लागणार नाही.

तुझे
बाबा

८ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पायरीवर बसून लिहितेय. समोर ट्रक उभा आहे आणि खाली घमेल्यात ऑईल गळतंय. घाई करू नकोस म्हणालात म्हणून कागद घेऊन बसले, नाहीतर आतापर्यंत सतरा वेळा खाली डोकावून आले असते. तशी चारदा डोकावलेच.

नट काही केल्या हलेना. पाय चाकाला टेकवून जोर लावला तेव्हा कुठे करकरला, आणि धार थेट माझ्या बाहीत. शेजारच्या शिंपीणबाई गंमत बघायला आल्या होत्या, त्यांनी आधी साबण आणून दिला आणि मग पोटभर हसून घेतलं. पण बाबा, ऑईल किती छान निघालं! मला वाटलं होतं डांबरासारखं काळं असेल. हे तर दाट, मधासारखं, हळूहळू उतरतंय. वास तेवढा घाण आहे, सडक्या अंड्यासारखा. आधीच्या मालकाने गाडी चांगली ठेवलेली दिसते. नवं आजच भरून टाकते.

उद्यापासून तीन दिवस, आजवर ज्याच्या गाड्या हाकल्या त्याची शेवटची फेरी आहे, त्याच्याच गाडीवर, ती शब्द दिला म्हणून करायची. गुरुवारी सकाळी माझी पहिली फेरी: फरश्या, सात वाजता. वेळेवर पोचले तर वर्षभराचं काम माझं, नाहीतर दुसऱ्याचं, असं कंत्राटदाराने तोंडावर सांगितलंय.

तुमचं अक्षर या वेळी कोंबडीने नाचून काढल्यासारखं का? चष्मा बदला. आणि उसण बरी झाली की या. तीन महिने दादाच्या पत्रांतून नुसतं येतो येतो चाललंय.

वहिनीला नमस्कार, दादाला चिमटा, आणि तुमचा राग असेल तर तोही पाठवा, चालेल.

तुमची
ठकी

१० जून

चि. ठकीस, आ.

गाडी चालू करू नकोस! मधासारखं आणि सडक्या अंड्याच्या वासाचं, ते गिअरबॉक्सचं ऑईल. तू गिअरबॉक्स रिकामा केलास आणि इंजिनात जुन्यावर नवं ओतलंस. अशी गाडी फरश्या भरून काढलीस तर गिअर रस्त्यातच एकमेकांना खातील.

पत्र वाचल्याबरोबर वहिनीला तारघरात पिटाळलं. ती परत येईपर्यंत अंगणात येरझारा घातल्या. तार पोचली तर बरं, नाही पोचली तर? म्हणून हेही लिहितोय. पान्याच्या हाताचा, इतकं स्वच्छ लिहिलं होतं, तरी कशी चुकलीस? चूक तुझी नाही म्हणा. मीच तिथे असायला हवं होतं.

बाबा

१३ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी: फरश्या पोचल्या, सातला पाच मिनिटं असताना. काम मिळालं. आता श्वास घ्या.

बुधवारी दुपारी फेरीवरून आले ती थेट ट्रकशी गेले. पट्टी दोनदा बघायची होती ना, ती बघितली. ऑईल खुणेच्या कितीतरी वर. पुसून पुन्हा बघितली, तेच. खाली सरकून बघितलं तर माझा पुसलेला, चकचकीत नट गिअरबॉक्सखाली, आणि इंजिनचा तसाच चिखलाने माखलेला. तिथेच पडल्या पडल्या रडले, सांगायला लाज कसली. मग उठले, दुकानातून दोन्ही ऑईलं आणली आणि सगळं पहिल्यापासून केलं. तुमची तार आली तेव्हा मी गाडीखालीच होते. तारवाल्याने ती माझ्या पायांना वाचून दाखवली.

चुकले कशी, ते तिथेच पडून आठवलं. पान्याचा हात म्हणजे माझा उजवा. तुमचा डावा. दहा वर्षं तुमच्या डाव्या पंजात पाने ठेवत आले आणि नेमकं तेच विसरले.

घरी येऊन तुमची पत्रं काढली. सगळ्या जुन्या पत्रांत शाई फिसकटलेली आहे, तुमचा डावा तळहात ओल्या अक्षरांवरून फिरायचा ना, म्हणून. जूनच्या दोन्ही पत्रांत एक डाग नाही. ही तुम्ही उजव्या हाताने लिहिलीत. उसण पाठीत भरते बाबा, हातात नाही. मला खरं सांगा. उत्तर येईपर्यंत मी नुसती घरातून ट्रककडे आणि ट्रककडून घराकडे करतेय.

ठकी

१७ जून

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझ्यापुढे लपवणं म्हणजे कोंबडं झाकून ठेवणं. तू ट्रक बघतेयस असं कळवलंस त्याच आठवड्यात मला अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात गेला. खांद्याला आहे, पण माझं ऐकत नाही. डॉक्टर म्हणतात, थोडा येईल, सगळा नाही. दादा-वहिनीला मीच शपथ घातली, त्यांच्यावर चिडू नकोस. तुला कळलं असतं तर ट्रक सोडून तू माझ्या उशाशी येऊन बसली असतीस, आणि मला ते नको होतं. रोज पहिलीतल्या पोरासारखा उजव्या हाताने पाटीवर गिरवत होतो, तुला पत्र लिहिता यावं म्हणून. आणि सूचना लिहिताना मात्र मनातला हात डावाच राहिला.

आणखी एक सांगायचं राहिलं होतं. दादाला हाताला धरून गाडीखाली नेलं, त्याने बँक धरली. तू रोज मागायचीस, तर तुला नुसतं पाने द्यायला उभं केलं, मुलगी म्हणून. ते माझं चुकलं.

रविवारी येतोय, दादा बसमध्ये बसवून देईल. फिल्टर बदलायचा आहे. एक भक्कम स्टूल तेवढं ट्रकशेजारी ठेव, मी त्यावर बसेन. खाली तू जायचंस. पाने द्यायचं काम आता माझं, कोणत्या हातात द्यायचे ते मात्र आधी सांग.

तुझे
बाबा