बिनआवाजाची खुर्ची

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आत्याचे अनेक आशीर्वाद. सोबत थोडा रागही पाठवते आहे, तोही घे.

दुकानाची जाहिरात व्हिडिओने करायची हे तुम्ही बापलेकींनी ठरवलंत, उत्तम केलंत. वेताच्या खुर्च्या विणणारं तुमच्याकडे आता एवढंच दुकान उरलंय, आणि लोक बैठक फाटली की अख्खी खुर्चीच फेकून देतात. त्यांना दाखवायलाच हवं. पण तो व्हिडिओ कुठे ठेवायचा याबद्दल तू जे लिहिलंस, ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे फुकट आहे तिथे ठेवू, सगळं जग तिथेच जातं. सगळं जग बसस्टँडवरही जातं, म्हणून आपण वडिलांना तिथे नेऊन सोडतो का?

मी दोन्ही कंपन्यांच्या अटी चष्मा पुसून पुसून वाचल्या. बारीक अक्षर आधी वाचावं, हे आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी पट्टी हातात घेऊन शिकवलंय. फुकटवाली म्हणते, तुमच्या व्हिडिओआधी आम्हाला वाटेल ती जाहिरात लावू, वाटेल तेव्हा तो बदलू किंवा काढू. दुसरी वर्षाचे पैसे घेते, पण जाहिरात लावत नाही, मूळ व्हिडिओ जसाच्या तसा सांभाळते आणि तक्रार केली तर माणूस उत्तर देतो. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. पलीकडे माणूस असण्याची किंमत मला विचार.

आणि हे नुसतं दुकानापुरतं नाही. पुढच्या महिन्यात तुझ्या बाबाच्या घशाचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढावं लागणार, हा आवाज पुन्हा यायचा नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. तेव्हा आत्ता त्याला पोटभर बोलू दे. माझी खुर्ची कधीची तिथे धूळ खात पडली आहे, तीच विणायला घे म्हणावं. तिच्याबद्दल बोलायला त्याच्याकडे पुष्कळ आहे.

कळावे. राग ओसरला की लोभ आहेच.

तुझी आत्या


१९ फेब्रुवारी

ती. आत्यास भिंगरीचा सा. न. वि. वि.

बाबांनी तुझीच खुर्ची विणली. विणता विणता सारखे बोलत होते. वेत किती भिजवायचा, किती ओढला की तुटतो, भोकात खुंटी कशी बसवायची, आणि मधूनमधून तुझा उद्धार. रेडिओ बंद करा म्हटलं, तर म्हणाले की त्याच्याशिवाय त्यांचे हात चालत नाहीत.

आता रागावू नकोस. मी फुकटवालीच निवडली. पैसे भरून कोपऱ्यात बसलो तर आपल्याला शोधत येणार कोण? इथे ठेवल्याबरोबर एक बाई रिक्षात दोन खुर्च्या घालून आल्या, बाबांशी बोलत बसल्या, जाताना तिसरीही आणते म्हणाल्या. फोन गच्च भरला होता, म्हणून व्हिडिओ चढल्यावर फोनमधला काढून टाकला. तिथे तो सुरक्षित आहे, काळजी करू नकोस.

ऑपरेशनचा विषय काढला की बाबा वेत भिजत घालायला उठतात. तू लवकर ये. तू असलीस की निदान भांडतात तरी.

थंडीत सकाळी फिरायला जाऊ नकोस. माया असू दे.

तुझी भिंगरी


२४ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद शेवटी, उरले तर.

त्याचं ऑपरेशन उरकून मी परत आले, तेव्हापासून रोज संध्याकाळी तो व्हिडिओ लावून बसते. आधी एक बया प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून गिरक्या घेते. वेतवाल्याच्या दारात प्लॅस्टिकवाला! ते मी दात आवळून सोसलं, कारण तिच्यानंतर माझा भाऊ बोलायचा.

काल तो आला, तोंड हललं आणि आवाज नाही. मला वाटलं, कान गेले. उठून नळ सोडला, नळ ऐकू आला. परत येऊन बघते तर व्हिडिओखाली एक ओळ. मागे वाजणारं गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे, म्हणून आवाज काढून टाकला आहे. अगं, ते गाणं कुठेतरी कोपऱ्यात खरखरत होतं! भिंतीवर दुसऱ्याचं कॅलेंडर टांगलेलं दिसलं म्हणून घर पाडायचं का? गाणं त्यांचं असेल, घ्या म्हणावं परत. माझ्या भावाचा आवाज कोणाच्या मालकीचा होता?

कंपनीला लिहिलं. उत्तर तत्काळ आलं, की माझा अनुभव त्यांच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच, स्वल्पविरामसुद्धा जागचा हलला नाही. पलीकडे माणूसच नाही! आमच्या एक्स्चेंजमध्ये मध्येच कोणाची लाइन तोडली, तर आम्हाला उभं करून जाब विचारायचे. इथे माणूस कायमचा तोडला आणि जाब द्यायला कोणी नाही.

मूळ व्हिडिओ मागवावा म्हणून पेन उचललं, आणि तुझं मागचं पत्र आठवलं. फोन गच्च भरला होता. काय होतं त्यात एवढं? मांजरीचे फोटो? बजावून सांगितलं होतं मी तुला, अटी वाचून सांगितलं होतं, तरी म्हातारीला काय कळतंय! तो आता बोलत नाही, भिंगरी. तो होता तेवढा तिथेच होता.

शोध. कुठेही शोध.

आशीर्वाद उरले आहेत, पण आज देत नाही.

आत्या


२ एप्रिल

ती. ताईस, म्हणजे आमच्या घंटीस, सा. न. वि. वि.

पोरगी तुझं पत्र उशाशी घेऊन रडते आहे. फोन दुरुस्तीवाल्याकडे दोनदा नेला, काही मिळालं नाही. रेडिओ मी लावला होता, तेव्हा शिव्या माझ्या नावावर लिही. मी आता उलट बोलू शकत नाही. अशी संधी तुला जन्मात मिळाली नव्हती.

माझं बरं आहे. काही सांगायचं असलं की टेबलावर टकटक करतो. गिऱ्हाइकांना वाटतं मी चिडलोय, त्यामुळे घासाघीस बंद झाली आहे.

पण मुका व्हिडिओ कामाचा नाही. वेत किती भिजवायचा हे नुसते हात बघून कळत नाही. तेव्हा मला असं सुचतं, की माझ्या हातांवर तुझा आवाज चढवावा. घरात चालू घड्याळ असताना लोक किती वाजले विचारायला एक्स्चेंजला फोन करायचे, ते तुझ्याच आवाजासाठी. शिवाय लहानपणापासून तू माझ्या बोलण्यावर बोलत आली आहेस. आता अधिकृतपणे बोल. मजकूर मी लिहून पाठवतो, तुझ्याबद्दलचं सगळं गाळून.

पोरीला दोन ओळी लिही. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा पुरे, तिच्यावरचा वाढव.

तुझा धाकटा


९ एप्रिल

चि. भावास अनेक आशीर्वाद. भिंगरीचे मागच्या वेळी राहिलेले याच पाकिटात घातले आहेत, तिला दे आणि डोळे पूस म्हणावं. मांजरीचं मी बोलायला नको होतं. बाकी सगळं बोललेलं कायम आहे.

मी बोलेन. अटी माझ्या. मुका व्हिडिओ तिथून उतरवून घ्या, माझा आवाज चढला की तो पैसेवाल्या कंपनीकडे जाईल, पहिल्या वर्षाचे पैसे मी भरले आहेत, वाद घालू नकोस. फुकटवालीकडे हवा तर एक छोटा तुकडा ठेवा, गिऱ्हाइकाला पत्ता सांगण्यापुरता. त्याची प्रत तुमच्याकडे एक, माझ्याकडे एक. आणि पुढे नवा व्हिडिओ काढलात, तर तू काम करताना रेडिओ बंद. हात चालत नसतील तर थांबलेले दाखव.

मजकूर पाठवू नकोस. रोज बघून बघून कुठे तोंड हलतं आणि काय म्हणतोस, हे मला पाठ झालंय. वेत भिजवण्याचं ते व्याख्यान मी तू पोरगा असल्यापासून ऐकते आहे. काहीही गाळणार नाही. ही खुर्चीवाली आयुष्यभर बसल्या जागेवरून जगाला झापत आली, म्हणून बैठक बरोबर मधोमध फाटली, असं जे तू म्हणतोस, तेही मी स्पष्ट उच्चारात म्हणणार आहे. लोकांना हसू दे. पण सगळं ठीक झालं, असं माझ्याकडून कोणी वदवून घेऊ नये. ठीक झालेलं नाही. माझा आवाज माझाच आहे, तुझा नाही.

शेवटी एक जागा आहे. खुर्ची सरळ करतोस, मान वर करतोस आणि काहीतरी पुटपुटतोस, आवाज होता तेव्हाही ते नीट ऐकू येत नव्हतं. भिंगरीला विचारलं, तिला आठवत नाही म्हणाली. मला ओठांवरून कळलं. घंटे, बसून बघ, असं म्हणतोस.

तेवढ्या जागी मी बोलणार नाही. तिथे शांतच राहू दे. मला तिथे ऐकू येतं.

खुर्ची न्यायला रविवारी येते. लोभ होता तसाच आहे, रागही.

तुझी ताई