हौसाआत्याचा पाट कुठे लागला

पेण, शनिवार
(आज खालची गिरणी बंद आहे, म्हणून अक्षर सरळ.)

ती. सौ. हौसाआत्या हिच्या चरणी, ते चरण सध्या माझ्यावर आपटले जात असले तरी, भाची समीक्षा हिचा दंडवत.

इकडे आम्ही सगळे धडधाकट. तुझा डोळा कसा आहे? मोतीबिंदू काढल्यावर वाकायचं नाही, रडायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. माझ्यावर ओरडू नये, असंही त्यांनी सांगितलं असतं तर फार उपकार झाले असते. रोह्यात कुंडलिका किती भरली? प्रदीपकाका जेवतात का? तू माझा आणि आमच्या कंपनीचा, दोन्ही नंबर ब्लॉक केलेस, म्हणून पोरगी सॉफ्टवेअरवाली असूनही कागद-पेन घेऊन बसली आहे. पत्र आणणारे सुलेमानचाचा म्हणजे माझी पार्टनर जिकरा हिचे वडील. त्यांना यातलं काहीही ठाऊक नाही. त्यांना चहा द्यावा, शिव्या देऊ नयेत.

आत्या, सॉफ्टवेअरचा धंदा पेणमध्ये काढणं काय असतं ते आधी ऐक. आमचं ऑफिस पोह्यांच्या गिरणीवर. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरतं आणि स्क्रीनवरचा बाण आपल्या मनाने फिरायला जातो. कंपनीचं नाव आम्ही ‘मूषक’ ठेवलं. कंप्युटरलाही उंदीर आणि गणपतीलाही उंदीर, म्हणून आम्ही स्वतःवर फार खूश होतो. पाटी लावल्याच्या दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ उंदीर मारायचं औषध मागायला आले. मग कुणी मिक्सर दुरुस्तीला आणला, कुणी सातबारा काढून मागितला. बँकेतल्या साहेबांनी माल कुठे ठेवता म्हणून विचारलं. माल दिसत नाही म्हटल्यावर त्यांनाही आम्ही दिसेनासे झालो. (जिकराचा भाऊ अर्शद दुबईहून रोज फोन करून धंदा कसा वाढवावा ते सांगतो. तो तिथे एसी बसवतो.)

अशात भरतकाका मूर्तिकार देवासारखे भेटले. आमचं पहिलं गिऱ्हाईक, आणि खरं सांगायचं तर एकुलतं एक. त्यांच्या कारखान्यात कोणाची मूर्ती कुठवर आली हे फळ्यावर खडूने लिहायची पद्धत. पावसात खडू ओला होतो आणि नागोठण्याचा गणपती वडखळला जातो. आम्ही म्हटलं, काका, सगळं कंप्युटरवर घेऊ. गिऱ्हाइकाला घरबसल्या मेसेज जाईल. काकांनी मान हलवली. आम्ही आनंदाने एकमेकींच्या पायावर नाचलो.

आता पाटाचं. तू दरवर्षी तुझा शिसवी पाट रोह्याहून पाठवतेस आणि काका त्याच पाटावर तुझी शाडूची मूर्ती घडवतात, ही रीत तुला मी काय सांगणार? पण जिकराला ती नवी होती. तिने काकांना विचारलं, पाट आल्यावर त्याचं तुम्ही काय करता? काका म्हणाले, नंबर लावतो. जिकराने लिहून घेतलं, त्यातला ‘नंबर’ गाळला आणि मशीनला शिकवलं. मेसेज असा: ‘सौ. हौसाताई, आपला पाट भरत पाटील यांच्याकडे लागला आहे. अभिनंदन!’ (अभिनंदन तिने सौजन्य म्हणून घातलं. पोरगी सालस आहे.) मी तपासायचं होतं. मी तपासलंही, पण र्‍हस्व-दीर्घ तपासलं. आपल्याकडे बाईने दुसरं लग्न केलं की पाट लागला म्हणतात, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तुझ्या डोळ्याला पट्टी, म्हणून मेसेज प्रदीपकाकांनी वाचला. पुढचं मला तुझ्या सुनेने, राणीवहिनीने सांगितलं. काका ताटावरून उठले, नदीवर जाऊन बसले आणि चाळीस वर्षांचा संसार पाण्यात बघत राहिले. त्यात संध्याकाळी राहिलेल्या कामांचा मेसेज आला. त्यात ‘आपल्या मूर्तीचे’च्या जागी नुसतं ‘आपले’ पडलं होतं. ‘आपले पोट भरायचे बाकी आहे. सोंड नंतर बसेल. आपले डोळे सर्वांत शेवटी उघडतील.’ काका म्हणाले, “बराबर लिवलंय.” आणि तू, नुकतं ऑपरेशन झालेली बाई, घाबरून रिक्षा करून डॉक्टरांकडे गेलीस. डॉक्टरांनी डोळ्याची खात्री दिली, पण सोंडेबद्दल आपल्याला काही सांगता येत नाही म्हणाले. आत्या, हे ऐकून मी हसले. मग तुझा तो पट्टी बांधलेला चेहरा डोळ्यांसमोर आला आणि खूप वाईट वाटलं. पण आधी हसले, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने प्रदीपकाका पेणला हजर. कारखान्याच्या दारात उभं राहून म्हणाले, “माजे बायकोचा पाट हिथं लागलाय, तो सोडवाला आलोय.” कारागिरांच्या हातातल्या सोंडा गळून पडल्या. भरतकाकांना काही कळेना, ते बिचारे म्हणत होते की मी नीट सांभाळेन. त्याने प्रकरण आणखी बिघडलं. त्यातच कासूच्या मैनाआजी तसाच मेसेज घेऊन आल्या. त्यांना विधवा होऊन बरीच वर्षं झाली. त्यांची तक्रार काहीच नव्हती, भरत म्हणजे यातला कुठला एवढंच त्या विचारत होत्या. भरतकाकांच्या घरून दुपारचा डबा यायचा बंद झाला आहे. प्रदीपकाका तुझा पाट खांद्यावर टाकून निघाले. गाडीत जागा नव्हती म्हणून त्याच पाटावर बसून रोह्याला पोचले म्हणे.

एवढं सगळं होऊनही भरतकाका मेसेजवर रागावले नाहीत. पण तुझा पाट गेला हे त्यांना सहन होईना. मातीला पहिला हात तुझ्या पाटावर लावायचा, हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलंय. ते म्हणाले, “हौसाचा पाट येत नाय तवर तुमचा कंप्युटर बंद.” फळा पुन्हा भिंतीवर चढला आहे. आणि बाबा म्हणतात, भरतने सोडलं तर दसऱ्याला पुण्याच्या कंपनीत रुजू व्हायचं. आत्या, मला पेण सोडायचं नाही. मला ही थरथरणारी खोली आवडते. जिकरा माझ्यासमोर हसते, पण काल पाटी पुसताना ती बराच वेळ पुसत राहिली.

तब्येतीला जप, थेंब वेळेवर घाल. काकांना नमस्कार, लांबूनच.

तुझी आगाऊ भाची,
समीक्षा

ता. क. तुझ्या डोळ्याची चौकशी करायला म्हणून पत्र लिहिलं, हे खरं आहे. पण सुलेमानचाचा मोठी पिशवी घेऊन आले आहेत, ती तू पाहिलीच असशील. ती पाटाच्या मापाची आहे. आत्या, पाट दे गो.

ता. क. २. आणि दोन्ही नंबरांचा ब्लॉक काढ. जिकराने मेसेज सगळे नव्याने लिहिलेत. ‘पाट’ शब्दच काढून ‘आसन’ घातलंय.

ता. क. ३. जिकरा आत्ताच सांगतेय की एक मेसेज बदलायचा राहिला आणि तो आता थांबत नाही. तो दीड दिवसाच्या संध्याकाळी तुला जाईल: ‘सौ. हौसाताई, आज आपले विसर्जन आहे. वेळेवर करून घ्यावे. पुढच्या वर्षी लवकर या.’ मेसेज वेळेवर पाठवणं, आमच्या सॉफ्टवेअरमधला हा एकच भाग आजवर कधी चुकलेला नाही. तेव्हा पाट आजच दे, ब्लॉक मात्र विसर्जनानंतर काढ.